झाचोत्कातली कोरी ओळ

मागच्या आठवड्यात नात्यातल्या एका काकांचा फोन आला, पोराला रशियाला एमबीबीएसला पाठवायचंय, एजंट म्हणतो तिकडे कोणी फेल होत नाही, खरं का रे? मी ड्युटी संपवून हॉस्पिटलच्या जिन्यातच बसलो आणि अर्धा तास बोललो, तरी सगळं सांगून झालं नाही, म्हणून इथे लिहितोय.

काका, फेल होतात. भरपूर होतात.

मी २०१७ ला गेलो. तिकडे मार्क टक्क्यात नसतात, ५, ४, ३ म्हणजे पास आणि २ म्हणजे गेला. सेमिस्टरभर एक क्लास जरी बुडला तरी त्याची अत्राबोत्का द्यावी लागते, म्हणजे तो टॉपिक वाचून जाऊन सरांपुढे बोलून दाखवायचा, त्या सगळ्या क्लिअर केल्याशिवाय परीक्षेलाच बसू देत नाहीत. थंडी उणे पंचवीस, सकाळी उठवत नाही, एक क्लास बुडतो मग दुसरा, डिसेंबर येईपर्यंत पंधरा-वीस साठतात आणि मग पोरं डिपार्टमेंटच्या दारात रांगा लावून उभी.

दुसऱ्या वर्षाच्या जानेवारीत ॲनाटॉमी. परीक्षा तोंडी. टेबलावर उलटी ठेवलेली बिलेत, म्हणजे प्रश्नांची चिठ्ठी, उचलायची, त्यावरचे प्रश्न, थोडा वेळ तयारी, की मॅडमसमोर. माझ्या हातात त्यांनी टेम्पोरल बोन, म्हणजे कानाजवळचं कवटीचं हाड, दिलं, त्याच्या एका बारीक भोकात झाडूची काडी घातली आणि विचारलं ही कुठून बाहेर येईल आणि वाटेत काय काय लागेल. मला आलं. माझ्या रूममेटला नाही आलं.

तो नांदेडकडचा, हुशार पोरगा, पण बारावीपर्यंत मराठी मीडियम आणि तिकडे लॅटिन नावं, रशियन बोलणं, इंग्लिश पुस्तक, तिन्ही एकदम अंगावर आलं. पहिल्यांदा २ पडले. रशियात कायद्यानेच रीटेकचे दोन चान्स असतात, पहिला साधा पेरेस्दाचा, म्हणजे तीच परीक्षा पुन्हा, आणि दुसरा कमिस्सिया, म्हणजे एका सरांऐवजी सगळी कमिटी समोर. दोन्हीत २. मग देकानात, म्हणजे डीनच्या ऑफिसमधून प्रिकाज, म्हणजे लेखी हुकूम, निघाला, नाव कमी. नाव कमी झालं की हॉस्टेल गेलं, व्हिसा गेला, थोड्या दिवसांत देश सोडायचा.

हे सगळं चालू असताना घरी काय माहीत होतं? काहीच नाही. रोज त्याचे वडील व्हिडिओ कॉल करायचे, आपल्याकडे रात्रीचे नऊ, तिकडे साडेसहा. कॉलच्या आधी हा पांढरा ॲप्रन घालायचा. प्रिकाज निघाल्यावरही घालायचा. दोन एकर विकून पाठवलं होतं त्याला, कोणत्या तोंडाने सांगू म्हणायचा. मला सगळं माहीत होतं आणि मीही गप्प बसलो, त्याचं मला आजही फार वाईट वाटतं, कारण पहिल्या २ च्या वेळीच घरी कळलं असतं तर ते ओरडले असते, पण नंतर धीर दिला असता, आणि मनावरचं ते ओझं उतरून तो कमिस्सियाला नीट बोलू शकला असता, असं मला खरंच वाटतं. ॲनाटॉमी त्याला येत होती हो, झोप उडालेली माणसं बोलू शकत नाहीत.

आणि तेव्हा निदान दुसऱ्या युनिव्हर्सिटीत जाऊन पुढे सुरू करता यायचं. आता १८ नोव्हेंबर २०२१ नंतर गेलेल्यांना एनएमसीचा, म्हणजे आपल्या नॅशनल मेडिकल कमिशनचा, नियम आहे, किमान ५४ महिन्यांचा कोर्स आणि १२ महिन्यांची इंटर्नशिप एकाच कॉलेजात व्हायला हवी, तीही १० वर्षांच्या आत. म्हणजे नाव कमी झालं तर दुसरीकडे पुन्हा पहिलं वर्ष. परत आल्यावर एफएमजीई, म्हणजे बाहेरून डॉक्टर होऊन आलेल्यांची इथली परीक्षा, आहेच, ३०० पैकी १५० लागतात, मला दुसऱ्या अटेम्प्टला निघाली. तिकडे ३ वर ढकलत ढकलत आलेल्यांचं खरं रडणं इथे सुरू होतं, म्हणून नुसतं पास पास करून भागत नाही.

काकांना मी पाठवू नका म्हटलं नाही. एकच सांगितलं, पोराकडे रिझल्ट तोंडी विचारू नका. आमच्या वेळी झाचोत्का असायची, विद्यार्थ्याचं छोटं मार्कांचं पुस्तक, जिथे अजून कागदाची आहे तिथे दर सेमिस्टरला त्या पानाचा फोटो मागा. त्यात २ कधीच दिसणार नाही, कारण नापास झालं की त्यात लिहितच नाहीत, विषयाची ओळ कोरी राहते. माझ्या रूममेटने पानाचा फोटो पाठवला होता घरी, वडिलांनी बाकीचे ४ आणि ५ बघून गल्लीत पेढे वाटले. कोरी ओळ दिसली की त्याच रात्री फोन करा, आणि काका, त्या फोनवर आधी जेवलास का विचारा.