दोन पाठींवर एकच नाव : नेरूळच्या अंतिम सामन्याचा वृत्तांत

रविवार, ३० ऑक्टोबर २०२२ रोजी नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर सतरा वर्षांखालील मुलींच्या फिफा विश्वचषकाचा अंतिम सामना स्पेन आणि कोलंबिया यांच्यात झाला. ठाण्याहून तो पाहायला मी, दिवाळीच्या सुट्टीत आजोळी आलेली भाची, तिचा धाकटा भाऊ आणि आमच्याच इमारतीत राहणारे केरळचे एक शेजारी असे गेलो होतो. तेथे कसे जावे, कोठे बसावे आणि कसे परतावे, हे आजही अनेक जण विचारतात, म्हणून ते सारे येथे सविस्तर लिहीत आहे. मात्र त्या दिवसाचा खरा विषय मैदानापेक्षा प्रेक्षागृहातच अधिक होता, त्यामुळे वाटेची माहिती देता देता लोक कोणाच्या बाजूने बसले होते आणि का, याविषयीही लिहावे लागेल.

यजमान म्हणून भारताला या स्पर्धेत थेट प्रवेश होता. तो प्रवेशही ऑगस्टमध्ये काही दिवस टांगणीला लागला होता, कारण फिफाने अखिल भारतीय फुटबॉल महासंघाला निलंबित केले होते आणि ते निलंबन महिना संपण्यापूर्वी उठले म्हणूनच स्पर्धा आपल्याकडे राहिली. भुवनेश्वरला आपल्या मुली अमेरिकेकडून ०-८, मोरोक्कोकडून ०-३ आणि ब्राझीलकडून ०-५ अशा हरल्या आणि साखळीतच बाहेर पडल्या. त्यामुळे नेरूळला आलेल्या बहुतेक प्रेक्षकांना आपला म्हणावा असा संघच उरला नव्हता. अशा वेळी माणूस दुसऱ्या देशाचा झेंडा कोणत्या हिशेबाने उचलतो, हे पाहण्यासाठी अंतिम सामन्यासारखी दुसरी जागा नाही.

आधी वाटेविषयी. ठाण्याहून जाणाऱ्यांनी ट्रान्स-हार्बर मार्गाची लोकल पकडावी. ती नऊ आणि दहा क्रमांकांच्या फलाटांवरून सुटते. गाडी पनवेलची किंवा नेरूळची असावी. वाशीची गाडी तुर्भ्यानंतर सानपाड्याकडे वळते, त्यामुळे तीत बसल्यास तुर्भ्याला उतरून मागची गाडी घ्यावी लागते. सामना रविवारी असेल, तर मेगाब्लॉक कोणत्या मार्गावर आहे हे आदल्या दिवशीच पाहून ठेवावे. नेरूळला पूर्वेकडे बाहेर पडून स्टेडियमपर्यंत चालत जाणे सर्वांत सोयीचे. रमतगमत गेले तरी वीस मिनिटांच्या आसपास पोहोचता येते. सामन्याच्या दिवशी रिक्षावाले एवढ्या जवळचे भाडे घेण्यास सहसा नाखूश असतात, आणि घेतलेच तर मीटर टाकत नाहीत. बसने येणारे महामार्गावर एल.पी.च्या थांब्यावर उतरतात. स्वतःची गाडी आणण्याचा मोह टाळावा, कारण सायन-पनवेल महामार्गाच्या कडेची वाहतूक अशा दिवशी तासन् तास तुंबते आणि वाहनतळापासून प्रवेशद्वारापर्यंत शेवटी चालावेच लागते.

स्टेशनपासून स्टेडियमपर्यंतच्या पदपथावर जर्सी विकणारे बसले होते, आणि पाठिंब्याचे पहिले गणित तेथेच उलगडले. स्पेनची लाल जर्सी मुबलक होती. कोलंबियाची मात्र शोधूनही सापडत नव्हती, म्हणून विक्रेते ब्राझीलची पिवळी जर्सी बिनदिक्कतपणे कोलंबियाची म्हणून दाखवत होते, आणि लोकही ती जाणूनबुजून घेत होते. रंग पिवळा आहे, खंड एकच आहे, एवढे त्यांना पुरेसे वाटत होते. आमच्या शेजाऱ्यांना हे अजिबात रुचले नाही. ते तीस वर्षांहून अधिक काळ ब्राझीलचे निष्ठावंत आहेत, आणि ब्राझीलची जर्सी दुसऱ्या कोणत्याही देशासाठी अंगावर चढवणे त्यांच्या दृष्टीने पातक होते. त्याच सुमारास कोझिकोड जिल्ह्यातील पुल्लावूर गावी अर्जेंटिनाच्या चाहत्यांनी नदीत मेस्सीचे उंच कटआउट उभारले आणि ब्राझीलवाल्यांनी त्याहून उंच नेमार उभा करून उत्तर दिले. त्याची छायाचित्रे पुढे सर्वत्र फिरली. शेजारी त्या मातीतले असल्यामुळे त्यांच्या रागाला परंपरेचे पाठबळ होते, असे म्हणावे लागेल.

कतारचा विश्वचषक अवघ्या तीन आठवड्यांवर आला होता, त्यामुळे प्रेक्षागृहात अर्जेंटिनाच्या निळ्या-पांढऱ्या जर्सीही पुष्कळ होत्या. आमच्या पुढच्या रांगेत दोन तरुण बसले होते. दोघांच्या पाठीवर मेस्सी आणि दहा आकडा. एकाची जर्सी बार्सिलोनाची, दुसऱ्याची अर्जेंटिनाची. पहिला स्पेनच्या बाजूने होता, कारण मेस्सी घडला तो स्पेनमध्ये. दुसरा कोलंबियाच्या बाजूने, कारण दक्षिण अमेरिकेने दक्षिण अमेरिकेची पाठराखण केली पाहिजे. मेस्सीने २०२१ मध्येच बार्सिलोना सोडले होते, आणि कोलंबियाशी अर्जेंटिनाचे सख्य आहे असेही नाही. तरी दोघेही आपापल्या परीने सुसंगत बोलत होते, आणि एकाच नावाच्या आधारे परस्परविरुद्ध घोषणा देत होते. माझ्या मते उसन्या पाठिंब्याचा याहून प्रामाणिक नमुना मिळणार नाही. आपल्याकडचा प्रेक्षक देश निवडत नाही. तो आधी एखादा खेळाडू किंवा क्लब निवडतो आणि मग त्याच्या मागून जो देश येईल त्याला आपला मानतो.

भाचीचा हिशेब अधिक सरळ होता. ती शाळेच्या संघात खेळते आणि तिला कोलंबियाची लिंडा कैसेदो आवडते. त्याच वर्षी जुलैमध्ये कैसेदो वरिष्ठ संघातून कोपा अमेरिका खेळली होती, ऑगस्टमध्ये वीस वर्षांखालील विश्वचषक, आणि आता सतरा वर्षांखालील स्पर्धेत ती डोळ्यांदेखत होती. भाच्याने बार्सिलोनाच्या प्रेमापोटी स्पेन निवडला. स्पेनच्या व्हिकी लोपेझने नुकतेच त्या क्लबमध्ये पाऊल ठेवले होते, हे त्याला मुखोद्गत होते. मागच्या रांगेतील एका गृहस्थांनी कोलंबियाला पाठिंबा देण्याचे जे कारण सांगितले, ते मात्र अपूर्व होते : फिफाच्या विश्वचषकात भारताचा पहिला गोल २०१७ मध्ये, सतरा वर्षांखालील मुलांच्या स्पर्धेत, दिल्लीत जॅक्सन सिंगने कोलंबियाविरुद्धच केला, त्यामुळे त्या देशाशी आपले ऋणानुबंध आहेत. तो सामना आपण १-२ असा हरलो होतो, ही आठवण त्यांना कोणीतरी करून दिली. त्यावर, ऋणानुबंध म्हणजे काही विजय नव्हे, असे त्यांचे उत्तर होते.

अंतिम सामन्याआधी त्याच मैदानावर तिसऱ्या क्रमांकासाठी नायजेरिया आणि जर्मनी खेळले. हा सामना चुकवू नये, असा माझा आग्रह राहील, कारण कोणत्याही स्पर्धेत प्रेक्षक सर्वांत मोकळा असतो तो याच सामन्यात. नायजेरियाने ३-० अशी आघाडी घेतली तेव्हा आमचा स्टँड जवळजवळ संपूर्णपणे त्यांच्या बाजूने होता. जर्मनीने एक गोल फेडला, मग दुसरा, आणि पाहता पाहता तेच लोक जर्मनीच्या प्रत्येक पासवर ओरडू लागले. बरोबरी झाली तेव्हा ज्यांनी तासाभरापूर्वी नायजेरियासाठी टाळ्या वाजवल्या होत्या, ते उभे राहून नाचत होते. पेनल्टीवर नायजेरिया ३-२ असे जिंकले आणि पुन्हा सारे त्यांचे झाले. शेजाऱ्यांना ही चंचलता असह्य वाटली. मला ती वाटली नाही. ज्याचा स्वतःचा संघ मैदानात नाही, तो प्रेक्षक मागे पडलेल्याकडे झुकतो, आणि त्याला तसे झुकू द्यावे.

अर्थात हे नेहमीच घडते असे नाही. २५ ऑक्टोबर २०१७ रोजी याच स्टेडियमवर मुलांच्या विश्वचषकात स्पेन आणि माली यांचा उपांत्य सामना झाला, तेव्हा आमच्या भोवतीचे प्रेक्षक मालीच्या बाजूने पहिल्यापासून ठाम होते. मालीच्या शेख डुकुरेचा लांबून मारलेला फटका आडव्या खांबाला लागून गोलरेषेच्या आत पडला, परंतु पंचांनी गोल दिला नाही. त्या क्षणी पाठिंब्याचे रूपांतर तक्रारीत झाले आणि तक्रारीला वय नसते. स्पेन ३-१ असे जिंकले, हे आज अनेकांना आठवतही नसेल. न दिलेला गोल मात्र २०२२ मध्येही आमच्या स्टँडमध्ये चर्चेत होता, आणि काही जण केवळ त्यापायी स्पेनच्या विरोधात बसले होते.

अंतिम सामना रात्री आठला सुरू झाला आणि खरे सांगायचे तर बराच वेळ तो बेताचाच होता. स्पेनकडे चेंडू अधिक राहिला, कोलंबियाने बचाव चोख केला, आणि कैसेदोच्या पायाशी चेंडू आला की पिवळ्या गटातून एकच गलका उठत असे. ८२व्या मिनिटाला स्पेनच्या आक्रमणात गोंधळ उडून चेंडू कोलंबियाच्याच खेळाडूकडून जाळ्यात गेला, आणि त्या स्वयंगोलावर स्पेन १-० असे जिंकले. त्या मुलीचे नाव येथे देण्याचे कारण नाही. आमच्या मागे काही तरुणांनी त्यावर जे शेरे मारले, ते ऐकताना मला त्यांचा पाठिंबा कोणाला होता हे विचारावेसे वाटले. बहुधा कोणालाच नव्हता. मुलींचा सामना म्हणजे फुकटची करमणूक, अशा समजुतीने आलेले काही लोक असतातच. मुलांना सोबत नेणाऱ्यांनी अशा टोळक्यापासून दूर जागा पाहावी आणि आवश्यक वाटल्यास तेथील स्वयंसेवकांना सांगून जागा बदलून घ्यावी. आम्हांला ती विनासायास बदलून मिळाली.

जागेबद्दल आणखी थोडे. हे मैदान मुळात क्रिकेटसाठी बांधलेले असल्याने फुटबॉलच्या सीमारेषा प्रेक्षकांपासून बऱ्याच दूर पडतात. खालच्या स्टँडमधून पलीकडच्या बाजूचा खेळ नीट कळत नाही; वरच्या मजल्यावरून संघांची रचना स्पष्ट दिसते, आणि छताला मधे खांब नसल्यामुळे दृष्टीला कोठेही अडथळा येत नाही. गोलामागच्या जागांपेक्षा लांब बाजूच्या जागा घ्याव्यात. सामना दुपारचा असेल, तर सूर्य पाठीशी राहील असा, म्हणजे पश्चिमेकडचा, स्टँड निवडावा. ऑक्टोबरच्या उकाड्यात याचे महत्त्व अर्ध्या तासात पटते. पाण्याची बाटली, मोठी पिशवी आणि पॉवर बँक प्रवेशद्वारावर अडवली जाण्याची शक्यता असते, म्हणून खिशात मावेल तेवढेच न्यावे. आतले खाणे महाग आणि सुमार असते. स्टेशनजवळ पोटभर खाऊन आत शिरणे उत्तम.

परतताना आमच्या डब्यात निळा, पिवळा आणि लाल असे सगळेच रंग होते, आणि वाद घणसोलीपर्यंत कैसेदोवर तर पुढे कतारमध्ये मेस्सीचे काय होणार यावर चालला. फेब्रुवारी २०२३ मध्ये कैसेदो रेआल माद्रिदला गेली, तेव्हा भाचीनेही तोच क्लब धरला, आणि बहिणीच्या घरात बार्सिलोना आणि माद्रिद समोरासमोर आले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये स्पेनच्या वरिष्ठ संघाने इंग्लंडला १-० असे हरवून महिला विश्वचषक जिंकला. त्या सामन्यात मात्र भाचीने स्पेनलाच पाठिंबा दिला, कारण आता तिचा क्लब तिकडचा होता.

परतीच्या प्रवासाबाबत एवढेच सांगतो. परतीचे तिकीट जातानाच काढावे, कारण सामना सुटल्यावर नेरूळच्या तिकीटखिडकीवर रांग पुलापर्यंत जाते. बाद फेरीचा सामना पेनल्टीपर्यंत लांबला तर साडेदहाही वाजतात, आणि रात्री ठाण्याच्या गाड्यांमधील अंतर वाढत जाते. शेवटच्या गाडीची वेळ घरून निघतानाच पाहून ठेवावी. जर्सी घ्यायची असेल, तर सामना संपल्यावर घ्यावी. हरलेल्या संघाची जर्सी त्या वेळी निम्म्या किमतीत मिळते, आणि ब्राझीलची असेल तर पुढच्या विश्वचषकातही चालते.