टोकनच्या दिवशी "ओरिजिनल लॉकरमध्ये आहेत"

फ्लॅटच्या ब्रोकरकीत मला अकरा वर्षं झाली, आणि इतक्या वर्षांत माझा सगळ्यात जास्त घाम काढला तो एका ताईंच्या मेजरिंग टेपने. नवरा-बायको दोघं चार महिने माझ्यासोबत फिरले, तेवीस फ्लॅट बघितले. नवरा बाल्कनीत जाऊन व्ह्यू बघायचा आणि ताई खाली बसून भिंती मोजायच्या. शेवटी एक पसंत पडला. मालक सगळीकडे 940 स्क्वेअर फूट सांगत होता, अ‍ॅग्रीमेंटमध्ये कार्पेट, म्हणजे घराच्या आतली प्रत्यक्ष वापरायची जागा, लिहिलेला 58.5 स्क्वेअर मीटर. ताईंनी तिथल्या तिथे फोनवर 10.764 ने गुणून (एका स्क्वेअर मीटरचे तेवढे स्क्वेअर फूट) दाखवलं, जेमतेम 630. उरलेलं सगळं जिना, लिफ्ट, लॉबी, भिंती यांच्यातला वाटा, त्याला आमच्यात लोडिंग म्हणतात (मालकाला विचारलंत तर तो त्याला फ्लॅटच म्हणेल). त्यावरून भाव थोडा खाली आला आणि टोकनचा, म्हणजे व्यवहार पक्का करायला बयाणा द्यायचा, दिवस ठरला.

मालकाच्या घरी सगळे जमलो. चेकबुक बाहेर आलं, पेनाचं टोपण निघालं, आणि ताई म्हणाल्या, "काका, ओरिजिनल पेपर एकदा बघू का?"

आता हे खरं तर मी आधीच विचारायला हवं होतं. फाइल मी तीनदा चाळली होती, सगळ्या झेरॉक्स, पण कलर झेरॉक्स, स्वच्छ, आणि मला डील संपवायची घाई होती, खोटं कशाला बोलू.

"लॉकरमध्ये आहेत," मालक म्हणाले.

"मग लॉकर उघडा, त्या दिवशी चेक देते."

कुणीच काही बोलेना. खरंच लॉकरमध्ये असले की माणूस लगेच सांगतो, सोमवारी आणतो, मंगळवारी आणतो. हे काका बायकोकडे बघत होते. मी त्यांना बाल्कनीत घेऊन गेलो. तिथे कळलं की होम लोन अजून चालू आहे, त्यावर टॉपअप, म्हणजे वाढीव लोन, पण घेतलंय, दोन हप्ते थकलेत आणि पेपर बँकेकडे तारण आहेत. टोकनच्या पैशातून हप्ते भरायचा विचार होता. मी म्हटलं काका हे आधी सांगायचं ना, लोन असलेले फ्लॅट रोज विकले जातात. तर म्हणाले, "सांगितलं की गिऱ्हाईक पळतं. आणि तुम्ही दोन्हीकडून कमिशन घेताय ना? मग थोडं आमचंही बघा."

हे लागलं, कारण खरं होतं. दोन्हीकडून घेतो मी, लपवत नाही, पण मग नक्की माणूस कुणाचा हे मला त्या बाल्कनीतच ठरवावं लागलं.

आत येऊन सगळं सांगून टाकलं. नवरा उठलाच, चला म्हणाला. ताई बसून राहिल्या, विचारलं, "मग रस्ता काय?" रस्ता सरळ असतो. मालकाने बँकेकडून किती बाकी आहे त्याचं लेखी पत्र आणायचं, घेणाऱ्याच्या लोनमधला तेवढा चेक थेट त्या बँकेच्या नावाने जातो, मालकाच्या हातात नाही, मग बँक नो ड्यूजचं पत्र देते, ओरिजिनल सोडते, रेकॉर्डवरचा बोजा उतरवते, आणि त्यानंतर मालकाला उरलेले पैसे. टोकन त्या दिवशी दिलंच नाही, बँकेचं बाकी रकमेचं पत्र आल्यावर दिलं, तेही वकिलाने लिहून दिलेल्या अटींवर आणि लहान रकमेचं.

सात आठवडे गेले त्यात. मधे एकदा त्या बाकी रकमेच्या पत्राची तारीख उलटली, व्याज वाढलं, परत नवीन पत्र, मालक माझा फोन उचलेनात म्हणून मी त्यांच्या दारात जाऊन बसलो. कमिशन त्यांनी निम्मंच दिलं, मी वाद घातला नाही.

पेपर ताब्यात मिळाले त्या दिवशी ताईंनी बँकेतच खुर्चीवर बसून पानं मोजली, दोनदा. टेप पर्समध्ये होतीच.