तुम्ही विचारलंत म्हणून: फुगा परत सापडतो तरी कसा?

पुण्याला फोन लावला की मामी हटकून विचारते, अरे तुमचा तो फुगा एवढा वर जातो मग परत सापडतो तरी कसा? इथे इलिनॉयमध्ये ऑफिसातले लोकही हेच विचारतात, म्हणून आमच्या या छंदाबद्दल, म्हणजे रेडिओ ट्रान्समीटर बांधलेला फुगा उंच आकाशात सोडून तो शोधण्याबद्दल, एकदा नीटच लिहितो.

फुगा परत येतच नाही, तो फुटतो. सोडताना दीड-दोन मीटरचा असतो, वर हवा विरळ होत जाते तसतसा फुगत फुगत छोट्या घराएवढा होतो आणि ३० किलोमीटरच्या आसपास फाटतो. खाली येतो तो पॅराशूटला बांधलेला थर्माकोलचा डबा. त्यात जीपीएस, छोटा ट्रान्समीटर आणि लिथियमचे सेल, कारण वर उणे ५०-६० डिग्रीला साधे सेल मान टाकतात. जीपीएससुद्धा पारखून घ्यावं लागतं, काही मॉड्यूल १८ किलोमीटरच्या वर गेले की पोझिशन द्यायचंच बंद करतात.

तर हा ट्रान्समीटर १४४.३९ मेगाहर्ट्झवर मिनिटाला एकदा आमचा कॉलसाइन (म्हणजे रेडिओवरची आमची ओळख), पोझिशन आणि उंची अशा माहितीचं एक पॅकेट पाठवतो, याला एपीआरएस म्हणतात. वर असताना हे पॅकेट शेकडो किलोमीटरवरच्या हॅमना, म्हणजे हौशी रेडिओवाल्यांना, ऐकू येतं, तिथे शोधायचं काही नसतंच. खरी परीक्षा शेवटच्या काही मिनिटांची. डबा जमिनीशी आला की झाडं, पिकं, पृथ्वीची गोलाई सगळं आड येतं आणि लांबच्या स्टेशनांना काहीच मिळत नाही, म्हणून गाडी घेऊन आधीच जवळपास पोचलेलं असावं लागतं.

गेल्या सप्टेंबरात आम्हाला शेवटचं पॅकेट मिळालं ते २५० मीटर उंचीवरचं. डबा सेकंदाला पाच मीटरने उतरतो, म्हणजे अजून ५० सेकंद वाऱ्यावर, म्हणजे पुढे चार-पाचशे मीटर कुठेही, आणि खाली सगळा डोक्याच्या वर गेलेला मका! शेताच्या मालकाला फोन केला, आजोबा स्वतः आले, म्हणाले चला, फक्त ओळींमधून चाला.

स्टीलच्या मेजरिंग टेपच्या पट्ट्यांपासून केलेल्या यागी अँटेनाने (जिकडे रोखावा तिकडचं सगळ्यात जोरात ऐकणारा अँटेना) दिशा मिळाली. पण फार जवळ गेलं की सिग्नल सगळीकडून सारखाच जोरात येतो, मग हँडसेट, म्हणजे हातातला छोटा रेडिओ, छातीशी घट्ट धरून जागच्या जागी वळायचं, ज्या बाजूला तोंड केल्यावर सिग्नल पडतो, डबा बरोब्बर आपल्या पाठीमागे. मिनिटाला एकच पॅकेट, त्यामुळे थोडं वळायचं आणि मिनिटभर गप्प उभं राहायचं, वाळत आलेल्या पानांची सळसळ ऐकत. मला या सगळ्या छंदात हीच वेळ सगळ्यात जास्त आवडते.

चाळीस मिनिटांनी दोन ओळींपलीकडे केशरी कापड दिसलं. आजोबांनी डबा उचलला, उलटसुलट करून पाहिला, आणि तेवढ्यात माझ्या हातातला हँडसेट टर्रर्र वाजला, पुढचं पॅकेट.