आमची वाटचाल: उकळायचं किती आणि कधी

धंदा सुरू झाला आंबिलीवर. जुळे सोलापुरात सकाळी फिरायला निघणाऱ्यांना मालदांडी ज्वारीची आंबील विकायचो. ताकात रात्रभर आंबवलेलं पीठ सकाळी उकळत्या पाण्यात सोडायचं. म्हणजे आधी आंबवणं, मग उकळणं. पुढे कोंबुचा (गोड चहा आंबवून केलेलं पेय) आणि आल्याचा सोडा आला, तिथे क्रम उलटा. आता तर घरी ही पेयं करणाऱ्यांना विरजण विकण्यातच आमचा जास्त जोर आहे, आणि त्यांचा प्रश्न ठरलेला: "दादा, उकळायलाच पाहिजे का? गॅस लई जातो."

गॅसपेक्षा आम्हाला जड जातं ते गार करणं. मे महिन्यात पारा 43 वर असताना मोठ्या पातेल्यातला चहा कोमट व्हायला अर्धा दिवस खातो, आणि गरम चहात विरजण घातलं तर ते मेलंच. म्हणून आम्ही फक्त पाव हिस्सा पाणी उकळतो. सगळी चहापत्ती आणि सगळी साखर (एकूण पाण्याच्या लिटरमागे साधारण 70 ग्रॅम) त्यातच. दहा मिनिटांनी गाळायचं आणि वरून उरलेलं गार पाणी ओतायचं. हात लावून बघा, गरम लागत असेल तर थांबा, मगच विरजण घाला.

अट एकच, ते गार पाणी फिल्टरचं आणि ताजं हवं. आपल्याकडे नळाला पाणी काही दिवसांआड, त्यामुळे घरोघरी साठवणीचं. तेच वापरणार असाल तर सगळं उकळा, तिथे काटकसर नको. बोअरचं पाणी उकळलं की पातेल्याला पांढरा थर धरतो, पण खारटपणा काही जात नाही. ते आम्ही वापरतच नाही.

आल्याचं मात्र वेगळं. विरजणासाठी आलं उकळलंत तर संपलं, कारण सालीवरचे यीस्ट आणि जिवाणूच तिथे काम करतात. धुऊन सालीसकट किसा, साखर-पाणी घाला, रोज थोडं आलं-साखर वाढवा. आपल्या उन्हाळ्यात लवकरच फसफसायला लागतं.

उकळलं म्हणजे सगळे जंतू गेले असंही नाही. काहींचे बीजाणू उकळत्या पाण्यातही तग धरतात. त्यांना वाढू देत नाही तो आंबटपणा. म्हणून कोंबुच्यात मागच्या बॅचचं आंबट पाणी निदान दहावा हिस्सा घाला, आणि पिण्याआधी पीएच (आंबटपणाचा आकडा, जितका कमी तितकं आंबट) 4.2 च्या खाली आलाय का ते पट्टीवर बघा. पट्ट्या आम्ही विरजणासोबतच देतो. वासावर भरवसा ठेवणारे फार भेटतात.

काही जण आवाज खाली करून बिअरचं विचारतात. तिथे उकळायचं मोठं कारण म्हणजे हॉप्सचा (बिअरमध्ये घालायच्या एका वेलीच्या फुलांचा) कडूपणा, तो उकळल्याशिवाय नीट उतरत नाही. नॉर्वेच्या खेड्यांत न उकळता बिअर करायची जुनी रीत आहे, पण ती ताजीच संपवतात. आपल्याकडे परवान्याशिवाय दारू करणं महाराष्ट्र दारूबंदी कायदा, 1949 खाली गुन्हा आहे, त्यामुळे तो माल आमच्याकडे मिळणार नाही. कोंबुचासुद्धा झाकण घट्ट लावून उबेत ठेवला तर त्यात अल्कोहोल चढतं, म्हणून आमच्या बाटल्या भरल्या की थेट फ्रीजमध्ये जातात.