पडद्यावरचे 5 गॅलन

अमेरिकेत घरी विमान बांधणाऱ्याला, परवाना काढला की, त्याच्या वार्षिक तपासणीवर स्वतः सही करता येते. विमान विकलं की नव्या मालकाला माझ्यासारख्या मेकॅनिककडे यावं लागतं. आयोवातल्या आमच्या हँगरमध्ये अशी दत्तक विमानं बरीच येतात.

हे दोन आसनी, रोटॅक्स 912 इंजिनाचं. डाव्या पंखातल्या टाकीचा ड्रेन व्हॉल्व्ह पाझरत होता, म्हणून टाकी उपसायला घेतली. कॉकपिटमधल्या पडद्यावर त्या टाकीत 11 गॅलन. 5-5 गॅलनचे तीन कॅन मांडले. दुसऱ्यात जेमतेम एक गॅलन पडला आणि धार तुटली. वाटलं, काहीतरी तुंबलं. झाकण काढून टॉर्च मारला तर तळ उघडा.

मालक म्हणाले, "गेज बराच वेळ फुल्लवरच असतो, पण पंख टोकाकडे चढते असले की तसं होतंच ना?" होतं, पण फ्लोटच्या, म्हणजे तरंगत्या गोळ्याच्या गेजचं. फ्लोट पंखाच्या मुळाशी छताला टेकलेला असतो, वरचे काही गॅलन त्याला दिसतच नाहीत. ऐकीव ज्ञान असं नेमकं नको तिथे समाधान करतं. यांच्या टाकीत कपॅसिटिव्ह प्रोब होता, म्हणजे एकात एक दोन नळ्या आणि मधे पेट्रोल; त्या पेट्रोलच्या विद्युत गुणावरून तो पातळी ओळखतो.

अरुंद बाटलीत थोडं पाणी घेतलं, पातळीवर रेघ मारली, वर टाकीतलं पेट्रोल ओतून हलवलं आणि ठेवून दिलं. पाणी रेघेच्या वर आलं, म्हणजे पेट्रोलमधलं काहीतरी पाण्यात उतरलं. इथेनॉल! प्रोब कॅलिब्रेट केलेला निळ्या एव्हगॅसवर, म्हणजे विमानाच्या बिनइथेनॉल पेट्रोलवर. दहा टक्के इथेनॉलनंही त्याचं वाचन भलतंच फुगतं. हे इंजिन तासाला साधारण 5 गॅलन पितं. म्हणजे तासाभराचं उड्डाण नुसतं पडद्यावर होतं.

आणि एव्हगॅसमधल्या शिशाची पुटं प्लगवर चढतात, गाडीचं पेट्रोल घाला, हे गेल्या वर्षी मीच सांगितलेलं. सल्ला चुकीचा नव्हता, या इंजिनाला दहा टक्के इथेनॉल चालतं. प्रोबचा विचार मनाला शिवलाही नाही.

सामानाच्या कप्प्यात मूळ बांधणाऱ्याची लाकडी पट्टी सापडली. विमान जमिनीवर जसं उभं राहतं तसंच ठेवून, गॅलनागणिक चाकूनं पाडलेल्या खाचा. मोजून पेट्रोल ओतत प्रत्येक खाच पडताळली. एकही चुकली नाही. मालकांना ती रंग ढवळायची काठी वाटली होती.

सल्ला माझा होता हे त्यांना आठवतंय की नाही, कळलं नाही. प्रोब नव्यानं कॅलिब्रेट करण्यात अख्खी दुपार गेली. बिल मी फक्त व्हॉल्व्हच्या सीलचं लावलं.