पेरॉक्साइडचे रॉकेट आणि चांदीची जाळी

हायड्रोजन पेरॉक्साइडवर चालणाऱ्या रॉकेट इंजिनांची चर्चा बहुधा पेरॉक्साइडपाशीच संपते. माझ्या मते त्या इंजिनाचे खरे मर्म उत्प्रेरकात, म्हणजे रासायनिक क्रिया वेगवान करणाऱ्या पदार्थात आहे आणि रसायनशास्त्र शिकवणाऱ्याने ते मुलांना आवर्जून सांगायला हवे.

रत्नागिरीत औषधाच्या दुकानात जखम धुण्यासाठी मिळणारे पेरॉक्साइड परीक्षानळीत घेऊन त्यात चिमूटभर काळे मँगनीज डायऑक्साइड टाकले, की सरसरून फेस चढतो, काच हाताला कोमट लागते आणि विझत आलेली उदबत्ती नळीच्या तोंडाशी धरताच पुन्हा रसरसून पेटते. तळाशी उरलेली पूड धुऊन, वाळवून पुन्हा वापरता येते. कोकणातल्या पावसाळ्यात ती वाळता वाळत नाही, एवढेच. रॉकेटमध्येही पेरॉक्साइडचे पाणी आणि ऑक्सिजन असे विघटन हेच, पण तिथे पेरॉक्साइड ९० टक्क्यांच्या आसपास असते, त्यामुळे सगळ्या पाण्याची वाफ होऊन ती ऑक्सिजनसह सुमारे ७५० अंश सेल्सियसला बाहेर पडते.

जर्मनीच्या व्ही-२ रॉकेटमध्ये पंपाची टर्बाइन फिरवणारी वाफ पेरॉक्साइडमध्ये परमँगनेटचे द्रावण मिसळून तयार करीत. म्हणजे उत्प्रेरकासाठी वेगळी टाकी आली आणि तो प्रत्येक उड्डाणात संपतही असे. घन उत्प्रेरकाने ही अडचण दूर केली. ब्रिटनच्या ज्या ब्लॅक ॲरो रॉकेटने १९७१ मध्ये प्रॉस्पेरो उपग्रह कक्षेत नेला, त्याच्या इंजिनांत पेरॉक्साइड चांदीचा मुलामा दिलेल्या जाळ्यांच्या थरांतून जाई आणि तिथून निघणाऱ्या तप्त वायूत केरोसीन आपोआप पेट घेई. ठिणगीची गरजच नाही, हे मला फार मोलाचे वाटते.

पण चांदी ९६२ अंशांना वितळते आणि ९८ टक्के पेरॉक्साइडमधून निघणाऱ्या वायूंचे तापमान जवळजवळ तिथवर पोहोचते. शिवाय पेरॉक्साइड टिकावे म्हणून त्यात घातलेली स्टॅनेट, फॉस्फेट यांसारखी द्रव्ये जाळीवर बसून तिला निष्क्रिय करतात. उत्प्रेरक खर्च होत नाही, हे पाठ्यपुस्तकातले वाक्य परीक्षानळीपुरते ठीक आहे. इंजिनात चांदी हळूहळू झिजते आणि वाहूनही जाते.

म्हणून तीव्र पेरॉक्साइडसाठी सिरॅमिकच्या गोळ्यांवर मँगनीजची ऑक्साइडे किंवा प्लॅटिनम बसवतात. तिथे अडचण निराळी: थंड गोळ्यांवर पेरॉक्साइड पडून त्या क्षणार्धात तापतात, त्यांना तडे जातात आणि त्यांच्या चुऱ्याने प्रवाहाची वाट तुंबते, त्यामुळे उत्प्रेरकाइतकाच विचार त्याला धरून ठेवणाऱ्या सिरॅमिकचाही करावा लागतो.