मी चालले ऑफिसला

सकाळी साडेआठच्या सुमारास आमच्या दारातून रोज एक गृहस्थ कामाला निघतात. पायांत वडिलांच्या चपला असतात, उजवी डाव्या पायात आणि डावी उजव्या, खांद्यावरची माझी कापडी पिशवी जमिनीवरून फरफटत येत असते, आणि उंबऱ्याशी थांबून, मागे वळून, अत्यंत गंभीर चेहऱ्याने ते सांगतात, "मी चालले हं ऑफिसला. दार लाव." वय दोन वर्षे, चार महिने.

"चालले काय रे? चाललो म्हण," सासूबाई स्वयंपाकघरातून सांगतात. "मुलगा ना तू?"

"हो," असे तो बिनतक्रार कबूल करतो आणि पुन्हा म्हणतो, "मी चालले."

यात त्याचा काही दोष आहे असे मला वाटत नाही. आमच्या घरात दिवसभर "मी" म्हणणारी माणसे तीन: मी, सासूबाई आणि त्याला सांभाळायला येणाऱ्या मावशी. "मी आले, आले," "मी जरा पडते," "मी तर बाई कंटाळले," हेच त्याच्या कानांवर पडते. त्याचा बाबा सकाळी "येतो गं" म्हणून लोकल गाठायला धावतो आणि रात्री परततो तेव्हा चिरंजीवांचे डोळे मिटत आलेले असतात. मग "मी" म्हटले की पुढे "जाते" आणि "आले" यायचे, असा नियम त्याने बसवला तर तो पुराव्याला धरूनच आहे. इतरांच्या बाबतीत त्याची गफलत होत नाही. बाबा आला, आजी आली, कुत्र्याचे पिल्लू असेल तर ते पळाले, हे सगळे तो बिनचूक सांगतो. त्याला आम्ही सारे "तू जेवतोस का", "तू कुठे निघालास" असे पुल्लिंगीच विचारतो. पण "तू" हे त्याच्या लेखी त्याचे नावच आहे. कडेवर यायचे असले की हात वर करून तो मलाच विचारतो, "तुला घेऊ?" आणि मी मुकाट्याने त्याला घेते.

या सगळ्याच्या आधी तो नपुंसकलिंगी होता. पहिले वर्षभर घरात "बाळ उठलं का", "बाळ आज फार रडलं", "बघ कसं हसतंय" एवढेच चाले. मराठीत मुलगा असो वा मुलगी, पाळण्यात असेपर्यंत ते "ते"च असते, आणि ही सोय मला फार शहाणपणाची वाटते. जन्मदाखल्यावर काय लिहायचे ते लिहा, भाषेला घाई नाही. पण "उठलं"चे "उठला" नेमके कोणत्या दिवशी झाले, ते मला आठवत नाही. पहिला दात कधी दिसला, पहिले पाऊल कधी टाकले, हे सगळे लसीकरणाच्या पुस्तिकेच्या मागच्या पानावर तारखांसकट लिहिलेले आहे. ही नोंद मात्र राहूनच गेली.

त्याची बाळबोलीही अशीच हातातून निसटते आहे. मम्मम, भूभू, हम्मा, गाई, भुर्र, बाऊ हा सगळा शब्दसंग्रह आम्हीच त्याला शिकवला, आणि आता तोच "भूभू नाही, कुत्रा" म्हणून आम्हाला दुरुस्त करतो. भाषाशास्त्रज्ञ अशोक केळकर यांनी १९६४ साली मराठी बाळबोलीवर शोधनिबंध लिहिला होता, आणि त्याच वर्षी चार्ल्स फर्ग्युसन या अमेरिकी अभ्यासकाने जगातल्या सहा भाषांमधली बाळबोली तपासली, तेव्हा त्या सहांत अरबी, इंग्रजी, स्पॅनिशच्या पंक्तीला मराठीही होती. हे मी सासूबाईंना सांगितले, तर त्या म्हणाल्या, "मग! आम्ही काय उगाच बोलतो का?"

तर मुद्दा "चालले"चा. सासूबाई दुरुस्त करतात, मी करत नाही. चूक आपोआप जाईल हे मला ठाऊक आहे, हे एक कारण. दुसरे, खरे कारण असे की त्याच्या तोंडून माझेच वाक्य, माझ्याच हेलात, माझ्याच क्रियापदासह बाहेर पडते तेव्हा मला ते मनापासून आवडते, आणि ते जाईल त्या दिवशी काहीतरी माझ्यापासून सुटेल अशी एक बारीक, काहीशी आप्पलपोटी धास्ती वाटते.

शिवाय क्रियापदाच्या बाबतीत मी कोणाला शिकवावे? माझे माहेर कोल्हापूरचे. तिथे बायका सर्रास "मी आलो", "मी जेवलो" म्हणतात, मीही म्हणत असे. अठराव्या वर्षी पुण्याला शिकायला आले आणि वसतिगृहातल्या पहिल्याच सकाळी "मी आंघोळ करून येतो" म्हणाले, तेव्हा खोलीतल्या तिघी पलंगावर लोळून हसल्या. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत माझे "येतो" जाऊन "येते" झाले होते. घरी पाऊल टाकताच "आले गं" म्हटले, तर आत्याने वर पाहिले आणि म्हणाली, "काय गं, पुण्याची झालीस व्हय?" त्या वेळी आई काहीच बोलली नव्हती, चहाचे आधण ठेवायला आत निघून गेली होती.

गेल्या महिन्यात तीच आई पंधरा दिवस आमच्याकडे राहून गेली. "मी न्हाऊन येतो, मग खेळू आपण," असे तिने पहिल्या दिवशी सांगितले, तेव्हा नातवाने आधी तिच्याकडे, मग तिच्या लुगड्याकडे आणि मग माझ्याकडे पाहिले. दोन दिवस तो नुसता ऐकत होता. तिसऱ्या दिवशी ठोकळ्यांचा मनोरा पाडून उठताना स्वतःशीच पुटपुटला, "मी येतो." सासूबाईंना कोण आनंद! इतके महिने त्या ज्या पुल्लिंगाची वाट पाहत होत्या, ते अखेर आले ते कोल्हापूरच्या एका आजीकडून, हे त्यांच्या लक्षात यायला जरा वेळ लागला.

आई रविवारी परत गेली. सोमवारी साडेआठला चपला, पिशवी, उंबरा, सगळे रोजच्यासारखेच झाले, फक्त वळून तो म्हणाला, "मी चाललो हं. दार लाव." मी दार लोटले आणि नेहमीप्रमाणे बोटभर फट ठेवली.

रात्री आईचा फोन आला. गाडी, औषधे, अंगणातला पेरू असे सगळे बोलून झाले आणि अखेरीस, इतक्या वर्षांनी, कसे कोण जाणे, माझ्या तोंडून निघून गेले, "बरं, ठेवतो मी."

खाली फरशीवर तो एका गाडीचे चाक काढण्यात गुंतला होता. मान वर न करता म्हणाला, "ठेवते म्हण."